मोज्याची टाच विणताना टाके सुटतात, भोकं पडतात: मशीन उघडण्याआधी काय तपासायचं

नडगीचा सरळ भाग सुरळीत विणला जातो. टाच आली की गडबड सुरू. टाके सुटतात, कडेला भोकं पडतात, धाग्याचे गुंते होतात आणि शेवटी सगळं उसवायची वेळ येते. फ्लॅटबेड, म्हणजे सरळ ओळीत सुया असलेल्या विणकाम मशीनवर मोजे किंवा घरात घालायचे लोकरीचे स्लिपर करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची ही तक्रार असते. नागपुरात दिवाळी सरली आणि पहाटेची थंडी जाणवू लागली की मोज्यांची मागणी वाढते, आणि त्यासोबत माझ्याकडे येणारं एकच वाक्य: "ताई, मशीनच खराब झाली वाटते. टाच धरतच नाही."

मशीन खरंच खराब झालेलं असतं फार थोड्या वेळा. टाच ही मशीनवरची सगळ्यात अवघड जागा आहे. सरळ विणताना जे दोष झाकले जातात ते टाचेवर उघडे पडतात, एवढंच. म्हणून स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या गोष्टींना एक रुपया लागत नाही, आणि बहुतेकींचं काम तिथेच होतं.

मी इथे साध्या घरगुती मशीनबद्दल बोलतेय: ४.५ मिलिमीटर अंतराच्या २०० सुया, एकच बेड, हाताने सरकवायची कॅरेज. मोजा ६० टाक्यांचा धरलाय. सपाट विणून शेवटी बाजूला शिवायचा. बेडच्या मध्यावरच्या शून्याच्या उजवीकडचे ३० टाके टाचेचे, डावीकडचे ३० पायाच्या वरच्या बाजूचे. टाच विणताना डावीकडचे ३० होल्डवर, म्हणजे सुई पूर्ण पुढे ओढून न विणता, थांबतात आणि उजवीकडच्या ३० वर लहान-लहान होत जाणाऱ्या ओळी चालतात. दोन्ही कडांच्या दहा-दहा सुया एकेक करून होल्डवर जातात, मधल्या दहा उरतात, मग त्याच सुया एकेक करून परत कामावर येतात. बोटांकडचा भागही असाच होतो, त्यामुळे इथलं सगळं तिकडेही लागू आहे.

लक्षणं: काय झालं यापेक्षा कुठे झालं ते बघा

• टाचेच्या तिरक्या रेषेवर ओळीने बारीक भोकं. टाका सुटलेला नसतो, पण जाळी दिसते.

• टाच आणि पायाची वरची बाजू जिथे मिळते त्या कोपऱ्यात एकच मोठं भोक. दुसऱ्या कोपऱ्यातलं भोक शिवणीत जातं म्हणून दिसत नाही. नाहीतर ते तिथेही असतंच.

• चालू ओळीच्या अगदी टोकाचा टाका सुटतो. आज २२ नंबरच्या सुईवर, उद्या २६ वर. टोक सरकेल तशी सुटण्याची जागाही सरकते.

• दर मोज्यात त्याच नंबरच्या सुईवर टाका सुटतो किंवा तिथे उभी शिडी पडते.

• कुठेही, कसेही टाके सुटतात, नडगीवरही अधूनमधून. बेडवर बोट फिरवलं तर सुया डुगडुगतात.

• एका हुकात दोन-दोन फेरे अडकून बसतात, विणलेच जात नाहीत.

• ओळीच्या टोकाला धाग्याचा सैल झोल लोंबतो आणि पुढच्या ओळीत तो दुसऱ्याच सुईत अडकतो.

• कॅरेज मध्येच अडते.

कोणतं लक्षण आहे हे नक्की होत नसेल तर एक फुकटची चाचणी करा. पुढचा नमुना नेहमीच्या जागी न विणता वीस सुया डावीकडे सरकवून विणा. दोष कापडात त्याच जागी राहिला, म्हणजे टाचेच्या टोकालाच आला, तर सुया निर्दोष आहेत. वजन, धागा किंवा विणायची पद्धत बघा. दोष जुन्याच सुईच्या नंबरवर राहिला तर ती सुई बघा. आणि दोष सगळीकडे पसरला तर स्पंज पट्टी (सुयांना वरून दाबणारी) किंवा सिंकर प्लेटचे (कॅरेजच्या पुढच्या पट्टीचे) ब्रश बघा. अर्ध्या तासाची ही चाचणी करायचा कंटाळा करून सरळ तीस सुया बदलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नव्या सुयांवरही टाच सुटतेच.

पहिलं: वजन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सरळ विणताना खालचा कंगवा आणि त्याला लावलेली वजनं सगळ्या सुयांवर सारखी ओढ देतात. टाच सुरू झाली की हे गणित मोडतं. होल्डवरच्या सुयांखालचं कापड वाढत नाही, जिथल्या तिथे राहतं. मधल्या सुया मात्र ओळीवर ओळ विणत जातात आणि तिथलं कापड लांब होतं. आता कंगव्याचं वजन कुठे लटकेल? आखूड भागावर. म्हणजे जे टाके थांबलेले आहेत त्यांना भरपूर ओढ, आणि जे विणले जाताहेत त्यांना शून्य. मधलं कापड फुगून वर येतं. सुई पुढे जाताना जुना टाका जिभेच्या, म्हणजे सुईच्या हुकाजवळच्या हलत्या भागाच्या, मागे सरकायला हवा. खालून ओढ नसेल तर तो सुईसोबतच पुढे येतो, आणि मग सुटतो तरी किंवा दोनदा गुंततो तरी.

म्हणून टाच सुरू करतानाच दोन छोटी पंजाची वजनं, मशीनसोबत येतात ती दातेरी, चालू टाक्यांच्या दोन्ही टोकांना लावा. अगदी टोकाखाली, मध्यभागी नाही. दर चार ओळींनी ती काढून पुन्हा वर, सुयांच्या जवळ लावा. पहिल्या अर्ध्यात टोकं आत येतात तशी वजनं आत घ्या, दुसऱ्या अर्ध्यात टोकं बाहेर जातात तशी बाहेर. पुष्कळ जणी वजन लावतात खऱ्या, पण एकदा लावलं की टाच संपेपर्यंत हलवत नाहीत. ते न लावल्यासारखंच आहे.

आपल्या मांडणीत उजवी कड ही कापडाची मोकळी कड आहे. तिला शेजारच्या टाक्यांचा आधार नाही, म्हणून सुटण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. दोनपैकी एकच वजन सापडत असेल तर ते उजवीकडे लावा.

खात्री करायची असेल तर एक ओळ अशी विणा: उजव्या हाताने कॅरेज, डाव्या हाताच्या चिमटीत टाचेचं कापड धरून हलकं खाली ओढलेलं. टाका सुटायचा थांबला? मग दोष वजनाचा होता, पुढचं वाचायची गरज नाही. मशीनसोबतची वजनं हरवली असतील तर कागद धरायच्या मोठ्या क्लिपला हार्डवेअरच्या दुकानातले दोन जाड नट दोऱ्याने बांधा, चालतं. फक्त क्लिपचे दात लोकर फाडणारे नसावेत. आणि वजनाचा अतिरेकही नको. कडेचे टाके लांबट, ओढलेले दिसू लागले तर वजन जास्त झालंय.

दुसरं: धागा

टाचेच्या ओळी लहान असतात. तीस टाक्यांवर सुरू होऊन दहावर येतात. दर ओळीत धागा थोडाच लागतो, पण कॅरेजची फेरी तेवढीच लांब राहिली तर जास्तीचा धागा सुटतो आणि कडेला झोल पडतो. तो परत ओढून घेण्याचं काम मागच्या खांबावरची तार करते. कॅरेज टोकाला गेल्यावर ती तार वाकते का, आणि परत निघाल्यावर उसळून धागा ताणते का, ते बघा. तार सरळ उभीच राहत असेल तर धागा सैल आहे, खांबावरची ताणाची चकती थोडी आवळा. तार सारखी खालीच झुकलेली असेल तर धागा कुठेतरी अडतोय.

कॅरेज किती लांब न्यायची हेही ठरवून घ्या. शेवटची चालू सुई पूर्ण विणली जाईल इतकी, आणि वर चार-पाच सुयांचं अंतर. बेडच्या टोकापर्यंत न्यायची सवय असेल तर टाचेपुरती सोडा. सुई विणली जाण्याआधीच परत फिरवली तर उलटा त्रास, ती सुई अर्धवट राहते आणि कॅरेज अडकते.

लोकरीचा हाताने केलेला गोळा मशीनला देऊ नका. तो जमिनीवर उड्या मारतो, पलंगाखाली जातो, आणि दर उडीला धाग्याला हिसका बसतो. सरळ विणताना तो हिसका तीस-चाळीस टाक्यांत वाटला जातो, टाचेच्या दहा टाक्यांत थेट कडेच्या टाक्यावर येतो. वाइंडरवर गुंडाळा, मधून धागा निघेल असा. तोही फार घट्ट नको.

आता आपल्याकडची खास गोष्ट. पावसाळा संपला की नागपूरची हवा कोरडी होते आणि अ‍ॅक्रेलिक लोकर चिकटू लागते. धागा खांबाला चिकटतो, स्वतःला चिकटतो, कपड्याला चिकटतो. लुधियानाकडून येणाऱ्या, इतवारीत नि सीताबर्डीला मिळणाऱ्या स्वस्त लोकरीत अ‍ॅक्रेलिकच जास्त असतं. उपाय साधा आहे: गुंडाळताना धागा पांढऱ्या मेणबत्तीवरून घासून जाऊ द्या, आणि मशीनखाली एक ओला पोतेरा पसरून ठेवा. विणताना छताचा पंखा बंद. वाऱ्याने धागा तारेवरून उडून बाजूच्या सुयांवर पडतो आणि आपण मशीनला शिव्या घालतो.

जाडी बघायची राहतेच. ज्या धाग्यावर नडगी नीट झाली त्यावर टाचही व्हायला हवी. पण बऱ्याच जणी टाच टिकावी म्हणून तिथे नायलॉनचा बारीक दोरा जोडीला घेतात आणि टाक्याचा आकार ठरवणारी डायल तिथेच ठेवतात. धागा जाड झाला, टाका घट्ट झाला, तो जिभेवरून उतरेना. हुकात दोन फेरे अडकण्याचं लक्षण बहुतेक वेळा याच कारणाने येतं. नायलॉन घेतलं तर डायल एक-दोन ठिपके वर न्या आणि टाच संपल्यावर परत आणा.

तिसरं: होल्ड आणि वेढा

भोकं तिरक्या रेषेवर असतील तर मशीनकडे बघूच नका, दोष वेढ्याचा आहे. होल्डवर गेलेल्या सुईला चालू धाग्याने एक वेढा द्यावा लागतो, नाहीतर ओळ वळते तिथे फट राहते. वेढा देण्याची रीत अशी: कॅरेजच्या विरुद्ध टोकाची सुई होल्डवर ओढा, ओळ विणा, मग कॅरेजकडून येणारा धागा होल्डवरच्या सगळ्यात जवळच्या, म्हणजे आत्ताच ओढलेल्या, सुईच्या खालून घ्या. बाकीच्या होल्डवरच्या सुयांच्या तो वरूनच जातो. मग दुसऱ्या टोकाची सुई ओढा आणि परत विणा. एका ओळीला एकच सुई. घाईत दोन ओढल्या की तिथे हमखास भोक.

परतीच्या अर्ध्यात सुई कामावर आणताना तिच्यावर दोन गोष्टी असतात, तिचा स्वतःचा टाका आणि वेढा. दोन्ही जिभेच्या मागे राहायला हवेत. म्हणून सुई पूर्ण मागे ढकलायची नाही, मधल्या वरच्या जागेवर आणायची. या जागेला ब्रदर कंपनीच्या मशीनवर डी म्हणतात, सिल्व्हर रीड कंपनीच्या मशीनवर सी. इथे एक सापळा आहे. व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुली "सुई डी वर न्या" एवढंच ऐकतात. सिल्व्हर रीडवर डी म्हणजे होल्ड. ब्रदरवर होल्ड म्हणजे ई, आणि डी वरची सुई कॅरेज होल्डवर लावलेली असली तरी सरळ विणली जाते. व्हिडिओ कोणत्या मशीनचा आहे हे न बघता केलेली टाच सुरुवातीच्या दोन-तीन ओळींतच फसते, आणि दोष येतो मशीनच्या माथी.

होल्डची सुई अगदी पुढेपर्यंत गेली आहे का, हेही बोट फिरवून बघा. अर्धवट पुढे राहिलेल्या सुईचं बूड, म्हणजे मागचं वर आलेलं टोक, कॅरेजच्या आतल्या वाटेला आडवं येतं. कॅरेज अडते ती बहुतेक यामुळे. अडली की जोर लावायचा नाही. एका धक्क्यात पाच-सहा सुया वाकतात. कॅरेज मागे घेता येत असेल तर घ्या, नाहीतर सिंकर प्लेटचे स्क्रू सोडून ती वेगळी करा, अडलेल्या सुया हाताने सरळ करा आणि कॅरेज उचलून घ्या. सिल्व्हर रीडवर दोन्ही बाजूंचे होल्डचे लिव्हर एकसारखे लावलेत ना, तेही याच वेळी बघून घ्या.

कोपऱ्यातलं मोठं भोक वेढा देऊनही राहतं, कारण पायाच्या वरच्या बाजूचे टाके चाळीस ओळी गप्प बसलेले असतात आणि शेजारची टाच ओढली गेलेली असते. टाच संपून पुन्हा साठही सुयांवर विणायच्या आधी, कोपऱ्याच्या शेजारच्या टाक्याखालची एक गाठ एका दाताच्या अवजाराने उचला आणि टाचेच्या शेवटच्या सुईवर चढवा. बस. हे कुठल्याच मशीनच्या पुस्तकात ठळक लिहिलेलं मला दिसलं नाही, पण विकायचा मोजा असेल तर हे केलंच पाहिजे. गिऱ्हाईक सगळ्यात आधी बोट तिथेच घालून बघतं.

चौथं: सिंकर प्लेट

कॅरेजच्या पुढे बसणारी, धागा धरणारी पट्टी. तिचे दोन अंगठ्याने फिरवायचे स्क्रू दोन्ही सारखे घट्ट हवेत. एक सैल असेल तर पट्टी तिरकी बसते आणि एकाच दिशेला जाताना टाके सुटतात. उजवीकडे जाताना ठीक आणि डावीकडे येताना सुटतात असं असेल तर आधी हेच बघा.

मग पट्टी उलटी करा. खाली गोल ब्रश आणि रबरी चाकं असतात. ब्रश जिभा उघड्या ठेवतात, चाकं कापड मागे दाबून धरतात. बोटाने फिरवा. एखादं फिरत नसेल तर त्याच्या आसाभोवती लोकरीचे तंतू गुंडाळलेले असणार. बारीक चिमट्याने काढा. ब्रशचे केस एका बाजूला वळले असतील तर बदलायची वेळ आली.

पाचवं: सफाई आणि तेल

मशीन वर्षातले सात-आठ महिने दिवाणाखाली असतं. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, जुनं तेल आटून चिकट राळ होते. पावसाळ्यात सुयांना गंज धरतो. आणि बाराही महिने रस्त्यांच्या सिमेंटची धूळ. दिवाळीला मशीन काढून सरळ विणायला बसलं की कॅरेज जड चालणारच. जड चाललेल्या कॅरेजला हात जोर लावतो, ओळीचा वेग एकसारखा राहत नाही, आणि लहान ओळींत त्याचा परिणाम लगेच दिसतो.

कॅरेजच्या खालचा भाग आणि बेडचे रुळ सर्जिकल स्पिरिट लावलेल्या सुती कापडाने पुसा. गॅस, दिवा, उदबत्ती दूर, खिडकी उघडी. कोरडं झाल्यावर शिलाई मशीनचं पातळ तेल कापडाला लावून रुळांवरून आणि कॅरेजच्या खालच्या धातूच्या भागांवरून फिरवा. थेंब-थेंब ओतू नका, ते लोकरीला लागतं आणि पांढऱ्या मोज्यावर काळी रेघ उठते.

खोबरेल तेल कधीही घालू नका. हे मला दरवर्षी सांगावं लागतं. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. ऑक्टोबरच्या दुपारी घातलेलं तेल छान पातळ वाटतं, आणि डिसेंबरच्या पहाटे कॅरेज हलत नाही. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत खोबरेल घातलेल्या मशीनवर विणकाम होणं शक्य नाही. आधीच घातलं असेल तर स्पिरिटने दोन-तीनदा पुसून पूर्ण काढा, मगच शिलाईचं तेल.

सहावं: सुई

विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसाने १५८९ मध्ये विणकामाची पहिली चौकट बनवली ती मोज्यांसाठीच, आणि त्यावर मोजे सपाटच विणले जायचे, मग शिवले जायचे. "मोजे फ्लॅटबेडवर होत नाहीत, गोल मशीन लागते" असं सांगणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही. पण लीच्या सुईला जीभ नव्हती. लॅच, म्हणजे हुकाजवळची ती हलती जीभ, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आली. तेव्हापासून मशीनचं सगळं काम त्या एवढ्याशा जिभेवर चालतं. ती उघडली नाही तर नवा धागा हुकात जात नाही, मिटली नाही तर जुना टाका उतरत नाही.

चाचणीत एकाच नंबरची सुई दोषी निघाली असेल तर ती सुई पुढे ओढा. जीभ बोटाच्या टोकाने उघडा-मिटवा. ती सहज हलायला हवी, आणि मिटल्यावर हुकाच्या टोकावर बरोबर मध्ये बसायला हवी. बाजूला कलली, मध्येच अडली, किंवा हुकाचं टोक उघडं पडलं, तर सुई गेली. हुकावरून नख फिरवल्यावर खरखर लागली तरी गेली. वरून बघताना शेजारच्या सुयांच्या ओळीत नसेल तर वाकली आहे. वाकलेली सुई पक्कडीने सरळ करण्याचा नाद सोडा. दिसायला सरळ होते, चार ओळींनी पुन्हा टाका टाकते.

नवी आणायच्या आधी एक गोष्ट. मोजे करणारीच्या मशीनवर शून्याभोवतीच्या साठ सुया झिजतात, टोकाच्या सुया नव्यासारख्या राहतात. मधली खराब सुई काढून बेडच्या अगदी टोकाला टाका आणि टोकाची चांगली सुई मध्ये आणा. खर्च शून्य.

सुई काढण्यासाठी बेडच्या बाजूने स्पंज पट्टी बाहेर ओढावी लागते. निम्मी ओढली तरी त्या भागातल्या सुया मोकळ्या होतात. सुई पुढे घ्या, जीभ मिटवा, हुकाची बाजू खाली दाबा. मागचं टोक वर उचललं जातं, ते धरून सुई मागे ओढून काढा. बसवताना उलटा क्रम. विकत आणायची असेल तर जुनी सुई सोबत न्या आणि शेजारी ठेवून बूड, लांबी, हूक तिन्ही मिळवून बघा. "सगळ्याच मशीनला चालते" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सुया सारख्या नसतात.

सातवं: स्पंज पट्टी

सुयांच्या वरून बेडमध्ये आडवी सरकवलेली धातूची लांब पट्टी, तिच्या खाली स्पंज. तो सुयांना वरून दाबून बेडवर सपाट बसवतो. हा स्पंज कायमचा नसतो. दाबाने चपटा होतो आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर चिकट होऊन विरतो. स्पंज गेला की सुया हुकाच्या बाजूने वर उचलल्या जातात, कॅरेज त्यांच्यावरून जाताना धागा हुकात पडतच नाही. कुठेही, कसेही टाके सुटणं, सुया डुगडुगणं, नवं काम सुरू करताना सुया नीट ओळीत न राहणं ही त्याची लक्षणं.

पट्टी ओढून बघा. जोर न लावता सरसर बाहेर आली तर स्पंज संपला आहे. चांगल्या स्पंजची पट्टी थोडी अडत-अडत येते. काढल्यावर स्पंज पट्टीच्या कडांच्या वर उठून दिसायला हवा. कडांच्या खाली गेला असेल, किंवा बोटाला काळा चिकट लागत असेल, तर बदला.

तयार पट्टी मिळाली तर उत्तम. ब्रदरने घरगुती विणकाम मशीनं बनवणं कधीच थांबवलं, त्यामुळे जुन्या मशीनला बहुधा पट्टी तीच ठेवून स्पंज नवा चिकटवावा लागतो. जुना स्पंज आणि गोंद स्पिरिटने पूर्ण खरवडून काढा, नव्या स्पंजची रुंदी पट्टीच्या खाचेइतकीच कापा आणि त्यावर एक पातळ फितीचा थर द्या, नाहीतर सुया त्यात रुततात. स्पंज दाट, लगेच उसळणारा हवा. गादीतला भुसभुशीत तुकडा लावला तर महिन्याभरात पुन्हा इथेच याल. फार जाडही नको. पट्टी आत ढकलताना हातोडी घ्यावीशी वाटली तर स्पंज जाड झालाय, सुया जाम होतील. पट्टी सरकवताना बाजूने दाबत जा आणि सगळ्या सुया मागे, एका रेषेत ठेवा, म्हणजे स्पंज फाटत नाही.

इथे थांबा

यापुढे हात घालू नका. सुया एकही पुढे नसताना रिकामी कॅरेज बेडवर एकाच ठिकाणी अडत असेल, तर बेड वाकला आहे किंवा रुळाला मार बसला आहे. सुयांच्या मधले धातूचे उभे दात वाकले असतील तर एखादा दात हलक्या हाताने सरळ होतो, पण ओळीने तीन-चार वाकले असतील तर नको. मोडला की बेडच बाद होतो. कॅरेजमधून खरखर किंवा कटकट आवाज येत असेल, लिव्हर होल्डवर लावूनही सगळ्या सुया विणल्या जात असतील, किंवा डायल फिरवूनही टाक्याचा आकार बदलत नसेल, तर दोष कॅरेजच्या आत आहे. तिचे खालचे स्क्रू उघडू नका. आत लहान स्प्रिंगा असतात, उडाल्या की फरशीवर शोधत बसावं लागतं आणि परत कुठे बसतात ते कळत नाही.

शिलाई मशीनचे मेकॅनिक नागपुरात गल्लोगल्ली आहेत. त्यातले बहुतेक विणकामाचं मशीनही "बघून देतो भाऊ" म्हणतात. घरी बोलावण्याआधी फोनवर एकच विचारा: स्पंज पट्टी कुठून काढता? जो "बेडच्या बाजूने" असं लगेच सांगेल त्याला बोलवा. विचारात पडला तर दुसरा शोधा.

कॅरेज दुरुस्तीला नेणार असाल तर सिंकर प्लेटही सोबत न्या, दोन्ही जोडीनेच तपासाव्या लागतात. रिक्षात मांडीवर उघडी धरू नका, टॉवेलात गुंडाळून न्या. आणि बिघडलेली टाच उसवू नका. ज्या सुईवर टाका सुटला तिचा नंबर आणि कॅरेज कोणत्या दिशेला जात होती ते चिठ्ठीवर लिहून त्या तुकड्याला टाचणीने लावा आणि मेकॅनिकच्या हातात द्या.